घरबांधणीच्या हिशेबासाठी मोफत ऑनलाइन कॅल्क्युलेटर : आपल्याकडील कामाला कोणते चालतात?

माणदेशी (धागाकर्ता)

माण तालुक्यातील आमच्या गावी सुमारे एक हजार चौरस फुटांचे एकमजली घर बांधायचे आहे. ठेकेदाराला फक्त मजुरीचे काम दिले असून साहित्य आम्हीच पुरवणार आहोत. त्यामुळे सिमेंट, वाळू, खडी, सळई, विटा आणि फरशी यांचा अंदाज मला आधीच काढून ठेवावा लागणार आहे. इंटरनेटवर यासाठी असंख्य कॅल्क्युलेटर विनामूल्य मिळतात. लांबी, रुंदी आणि जाडी भरली की उत्तर क्षणात पुढे येते. अडचण अशी की ही उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत.

उदाहरणादाखल घरापुढच्या ओट्याचे काँक्रीट घेऊ. ओटा १० फूट लांब, १० फूट रुंद आणि काँक्रीटची जाडी ४ इंच. एका संकेतस्थळाच्या मते यासाठी ६ पोती सिमेंट लागेल, दुसऱ्याच्या मते ८ पोती, आणि तिसऱ्याने चक्क ५६ पिशव्या सांगितल्या. मापे तिन्ही ठिकाणी तीच भरली होती. सहा आणि आठ यांतला फरक एक वेळ समजू शकतो, पण ५६ हा आकडा कुठून आला असावा? ज्यांनी स्वतः घर बांधले आहे किंवा जे या व्यवसायात आहेत, त्यांनी आपल्याकडील मापांना, पोत्यांना आणि कामाच्या पद्धतीला कोणते कॅल्क्युलेटर लागू पडतात, हे कृपया सांगावे. इतर घरगुती हिशेबांसाठी काही उपयोगी साधने ठाऊक असतील तर तीही येथे नोंदवावीत.

एडिसनकर

५६ पिशव्यांचा उलगडा मी करू शकतो, कारण आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि येथील घराच्या मागच्या अंगणातली कामे त्याच प्रकारचे कॅल्क्युलेटर वापरून केली आहेत. अमेरिकेत घरमालक स्वतः छोटे काम करतो, तेव्हा तो सिमेंट, वाळू आणि खडी वेगवेगळी आणत नाही. दुकानात तिन्ही आधीच मिसळलेली कोरडी काँक्रीटची पिशवी मिळते, तीत केवळ पाणी घालायचे असते. ही पिशवी बहुधा ६० किंवा ८० पौंडांची असते. ८० पौंडांच्या पिशवीतून सुमारे ०.६ घनफूट तयार काँक्रीट मिळते. तुमचा ओटा ३३.३ घनफुटांचा आहे, ३३.३ ला ०.६ ने भागले की ५५.६ येतात, म्हणजेच ५६ पिशव्या.

ताळा पाहायचा असेल तर वजन काढून बघावे. ८० पौंड म्हणजे सुमारे ३६.३ किलो, त्यामुळे ५६ पिशव्यांचे वजन दोन टनांच्या थोडे वर जाते. तुमच्याकडच्या आठ पोत्यांत वाळू आणि खडी यांचे वजन मिळवले तर तेही दोन टनांच्या आसपासच येईल. दोन्ही उत्तरे एकाच ओट्याची आहेत. फक्त एका उत्तरात पिशवी काँक्रीटची आहे आणि दुसऱ्यात सिमेंटची.

आणखी एक खबरदारी. येथे निव्वळ सिमेंटची पिशवीसुद्धा ९४ पौंडांची, म्हणजे सुमारे ४२.६ किलोंची असते, आणि तिचे आकारमान एक घनफूट धरले जाते. आपले पोते ५० किलोंचे. ज्या पानावर घनयार्ड, पौंड आणि पिशव्या दिसतील, तेथून फक्त घनफळ घ्यावे आणि पुढचा हिशेब आपल्या मापांत करावा. एक घनयार्ड म्हणजे २७ घनफूट.

ओळंबा

एडिसनकर यांनी ५६ चा प्रश्न सोडवला आहे, आता सहा आणि आठ यांच्याकडे वळू. मी बांधकामांवर देखरेखीचे काम करतो आणि हे कॅल्क्युलेटर रोज वापरतो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

सहा पोती हे एम १५ या प्रतीच्या काँक्रीटचे उत्तर आहे, ज्यात सिमेंट, वाळू आणि खडी यांचे प्रमाण १ : २ : ४ असते. आठ पोती हे एम २० चे, म्हणजे १ : १.५ : ३ चे. आयएस ४५६ या भारतीय मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीनुसार सळई असलेल्या काँक्रीटला किमान एम २० लागते. ओट्याखालच्या साध्या काँक्रीटला कमी प्रत चालते, स्लॅबला मुळीच चालत नाही. बऱ्याच कॅल्क्युलेटरमध्ये ही प्रत आधीच निवडून ठेवलेली असते आणि ती बदलण्याची चौकट पानाच्या तळाशी असते.

आता आकडेमोड पाहा, म्हणजे कोणत्याही संकेतस्थळाचे उत्तर कागदावर पडताळता येईल. सुटे साहित्य एकत्र कालवले की वाळू खडीच्या फटींत जाते, सिमेंट वाळूच्या फटींत जाते आणि एकूण घनफळ घटते. म्हणून एक घनमीटर तयार काँक्रीटसाठी साधारण १.५४ घनमीटर सुटे साहित्य धरतात. एम २० च्या प्रमाणांची बेरीज ५.५ होते. १.५४ भागिले ५.५ म्हणजे ०.२८ घनमीटर सिमेंट. सिमेंटचे वजन घनमीटरला १४४० किलो धरले की ४०३ किलो, म्हणजे साधारण ८.०६ पोती. वाळू ०.४२ घनमीटर आणि खडी ०.८४ घनमीटर. काही संकेतस्थळे १.५४ ऐवजी १.५२ किंवा १.५७ धरतात; त्याने एक-दोन टक्क्यांचा फरक पडतो, त्याची चिंता करू नये.

आपल्याकडे वाळू आणि खडी ब्रासने येते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच २.८३ घनमीटर. परदेशी संकेतस्थळांना ब्रास ठाऊक नसतो, म्हणून शेवटच्या पायरीला घनमीटरचे उत्तर २.८३ ने भागावे. गिलावा, रंगकाम आणि फरशी यांच्या मोजमापातही आपण ब्रास म्हणतो, परंतु तेथे तो १०० चौरस फुटांचा असतो. ठेकेदाराशी दर ठरवताना कोणता ब्रास अभिप्रेत आहे हे संदर्भावरून कळते. कॅल्क्युलेटरला ते कळण्याचा मार्ग नाही.

कोरा कागद

एवढी आकडेमोड वाचून आश्चर्य वाटले. आमच्या घराच्या वेळी मिस्त्रींनी कोणताही कॅल्क्युलेटर न पाहता सगळे साहित्य सांगितले होते आणि ते फारसे चुकले नाही. गिलाव्याला ब्रासमागे एक पोते, असे त्यांचे सरळ गणित होते. ज्याने आयुष्यभर थापी चालवली, त्याच्या अंदाजावर विश्वास ठेवावा की कुठल्या तरी परदेशातल्या संगणकावर? माझ्या मते हा सगळा खटाटोप अनावश्यक आहे.

ओळंबा

कोरा कागद, तुमच्या मिस्त्रींचे गणित बरोबर आहे. ते बरोबर का ठरते हे पाहिले की कॅल्क्युलेटर कोठे कमी पडतो तेही दिसते.

१०० चौरस फूट म्हणजे ९.२९ चौरस मीटर. गिलाव्याची जाडी १२ मिलिमीटर आणि प्रमाण १ : ४ धरू. तयार मालाचे घनफळ ०.१११५ घनमीटर येते. गिलाव्याच्या मालासाठी सुट्या साहित्याचा गुणक साधारण १.३३ असतो, त्याने ०.१४८ घनमीटर होतात. त्याचा पाचवा भाग सिमेंट, म्हणजे ०.०२९७ घनमीटर, म्हणजेच सुमारे ४३ किलो. बहुतेक ऑनलाइन कॅल्क्युलेटर येथे थांबतात आणि ०.८५ पोते सांगतात.

प्रत्यक्षात वीटकामाची भिंत सपाट नसते. सांधे खोल असतात, एखादी वीट आत गेलेली असते, आणि गवंडी ओळंबा लावून भिंत सरळ करतो तेव्हा काही ठिकाणी १२ मिलिमीटरचे १८ होतात. या असमानतेपोटी आणि खाली सांडणाऱ्या मालापोटी २० टक्के वाढ धरण्याची रीत आहे. ४३ किलोंत २० टक्के मिळवले की ५१ किलो होतात. मिस्त्रींचे एक पोते ते हेच. त्यांच्या आडाख्यात ओबडधोबड भिंत आधीच गृहीत आहे, कॅल्क्युलेटरच्या उत्तरात काचेसारखी सपाट भिंत गृहीत आहे.

मात्र या आडाख्याला मर्यादा आहेत. बाहेरच्या भिंतीला दोन थरांचा जाड गिलावा असतो. वीट सोडून हलक्या ब्लॉकची भिंत असेल तर पृष्ठभाग बराच सपाट मिळतो आणि माल कमी लागतो. अशा वेळी आडाखा आणि आकडेमोड दोन्ही समोर ठेवावीत आणि तफावत दिसली तर मिस्त्रींनाच कारण विचारावे. ते सहसा नेमके कारण सांगतात.

गिलाव्याच्या मजुरीचा प्रश्न निराळा आहे आणि त्यावरून वाद फार होतात. बहुतेक कॅल्क्युलेटर दारे-खिडक्यांचे संपूर्ण क्षेत्रफळ दोन्ही बाजूंनी वजा करतात. आयएस १२०० या मोजमापाच्या मानकात असे नाही. ०.५ चौरस मीटरपर्यंतची भोके वजाच करत नाहीत, ०.५ ते ३ चौरस मीटरपर्यंतची उघडी जागा भिंतीच्या एकाच बाजूला वजा करतात, कारण कडांचा गिलावा वेगळा मोजला जात नाही. ४ फूट × ४ फूट खिडकी १.४९ चौरस मीटरची असते, म्हणजे ती एकाच बाजूला वजा होईल. मजुरी ठरवतानाच ही पद्धत लिहून घेतली तर शेवटच्या बिलाच्या वेळी कटकट राहत नाही.

आडवा छेद

ओळंबा यांच्या विवेचनाशी सहमत आहे, परंतु धागाकर्त्यांसाठी याहून मोठा धोका स्लॅबच्या कॅल्क्युलेटरमध्ये आहे.

एक हजार चौरस फूट आणि ५ इंच जाडी भरली की ४१६.७ घनफूट, म्हणजे ११.८ घनमीटर असे उत्तर येते आणि एम २० साठी ९५ पोती दाखवली जातात. हे उत्तर फक्त सपाट स्लॅबचे आहे. स्लॅबसोबत बीमही त्याच दिवशी भरले जातात आणि त्यांची चौकट बहुतेक मोफत कॅल्क्युलेटरमध्ये स्वतंत्र पानावर असते. समजा बीम ९ इंच रुंद आणि स्लॅबच्या जाडीसह १८ इंच खोल आहेत. स्लॅबखाली उतरणारा भाग १३ इंचांचा. एका धावत्या फुटाला ०.८१ घनफूट काँक्रीट. एवढ्या घरात बीमची एकूण लांबी २०० फूट सहज भरते, म्हणजे आणखी १६२.५ घनफूट. स्लॅबच्या तुलनेत हे प्रमाण ३९ टक्के आहे. एकूण १६.४ घनमीटर आणि १३२ पोती. स्लॅब भरताना दुपारी तीन वाजता ३७ पोती कमी पडली तर काम मधेच थांबते आणि तेथे थंड सांधा, म्हणजे जुन्या आणि नव्या काँक्रीटमधला कच्चा जोड, राहतो. पुढच्या पावसाळ्यात पाणी बरोबर त्याच जागेतून झिरपते.

सळईच्या बाबतीत मी अधिक आग्रही राहीन. घनमीटरला अमुक किलो सळई, अशी उत्तरे देणारे कॅल्क्युलेटर अंदाजपत्रकापुरते ठीक आहेत, पण कोणत्या जागी किती व्यासाची सळई किती अंतरावर बांधायची, हे आरसीसी (सळई घातलेल्या काँक्रीटच्या) सल्लागाराच्या नकाशावरूनच ठरले पाहिजे. नकाशा हाती असेल तर वजनाचे गणित सोपे आहे. व्यासाचा मिलिमीटरमधील वर्ग भागिले १६२ म्हणजे एका मीटरचे वजन किलोत. ८ मिलिमीटरची सळई मीटरला ०.३९५ किलो, १२ मिलिमीटरची ०.८८९ किलो. आपल्याकडे सळई साधारण १२ मीटर लांबीची येते, त्यामुळे १२ मिलिमीटरची एक सळई १०.६७ किलो भरते आणि एका टनात सुमारे ९४ सळया बसतात.

ही संख्या गाडी उतरवताना उपयोगी पडते. आयएस १७८६ नुसार १० मिलिमीटरपर्यंतच्या सळईच्या वजनात ७ टक्के, त्यापुढे १६ मिलिमीटरपर्यंत ५ टक्के आणि त्याहून जाड सळईत ३ टक्के कमी-जास्त चालते. काही दुकानदार सळया मोजून त्यांचे कोष्टकातले वजन बिलात लावतात. सळई हलकी निघाली तर हा व्यवहार तोट्याचा ठरतो. काट्यावर वजन करून घ्यावे आणि नगांची संख्या ताळ्यासाठी वापरावी.

माणदेशी (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बीमचा मुद्दा ठेकेदारानेही काढला नव्हता. आडवा छेद यांच्या आकड्यांप्रमाणे १६.४ घनमीटरसाठी वाळू ६.९ घनमीटर, म्हणजे २.४३ ब्रास, आणि खडी त्याच्या दुप्पट, ४.८७ ब्रास येते. नदीच्या वाळूच्या जागी आम्ही क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, वापरणार आहोत. गाडी फाळक्यापर्यंत भरून येते आणि पुरवठादार तिला तीन ब्रास म्हणतो. मग एक गाडी पुरेशी होईल, असे धरावे का?

ओळंबा

गाडीचा हौदा आतून मोजून घ्यावा. लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत मोजून गुणाकाराला १०० ने भागले की ब्रास मिळतात. वर शीग असेल तर माल सपाट करून मग उंची घ्यावी. त्यासाठी कोणत्याही संकेतस्थळाची आवश्यकता नाही.

दुसरी बाब ओलाव्याची आहे. वाळू दमट असली की कणांभोवती पाण्याचा पातळ थर धरतो, कण एकमेकांपासून दूर राहतात आणि वाळू फुगते. पाच टक्क्यांच्या आसपास ओलावा असताना ही फूग २० ते ३० टक्क्यांपर्यंत जाते, बारीक वाळूत त्याहूनही जास्त. गंमत म्हणजे वाळू पाण्यात पूर्ण बुडाली की फूग नाहीशी होते. हाच गुण वापरून जागेवर परीक्षा करता येते. सरळ भिंतींची काचेची बरणी किंवा डबा घ्यावा, त्यात वाळू न दाबता २० सेंटिमीटर उंचीपर्यंत भरावी, मग पाणी ओतून सळईने ढवळावे आणि वाळू बसू द्यावी. पातळी १६ सेंटिमीटरवर आली तर ४ भागिले १६, म्हणजे २५ टक्के फूग आहे.

तुमच्या २.४३ ब्रास कोरड्या वाळूसाठी अशी दमट वाळू ३.०४ ब्रास घ्यावी लागेल. तीन ब्रासची गाडी काठावर येते; सांडलवंड धरता ती पुरणार नाही. काँक्रीट कालवतानाही हेच लक्षात ठेवावे लागते. एका पोत्याला १.२५ घनफुटांचा फर्मा, म्हणजे आतून १२ × १२ × १५ इंचांची पेटी, वाळूसाठी दीड वेळा आणि खडीसाठी तीन वेळा भरतात. दमट वाळूला तोच फर्मा सव्वापटीने मोठा असावा लागतो, अन्यथा काँक्रीटमध्ये वाळू कमी पडते आणि खडी उघडी दिसू लागते. घमेल्याने मोजायचे असेल तर निदान पहिल्या मिश्रणाला फर्मा लावून किती घमेली होतात ते ठरवून घ्यावे, कारण प्रत्येक मजूर घमेले वेगळे भरतो.

गच्चीबाग

मला विटा आणि फरशी यांबद्दल सांगायचे आहे. मागच्या वर्षी आमच्या घराचे हे काम मी स्वतः पाहिले.

विटांच्या कॅल्क्युलेटरमध्ये विटेचा आकार स्वतः भरण्याची सोय आहे का, हे प्रथम पाहावे. मानकातली वीट १९० × ९० × ९० मिलिमीटरची आणि सांध्यांसह घनमीटरला ५०० नग, हे गणित अनेक भारतीय संकेतस्थळांवर आहे, परंतु गावाकडच्या भट्टीची वीट बहुधा ९ × ४ × ३ इंचांच्या जवळपास असते. या विटेच्या सांध्याला १० मिलिमीटर धरले तर १०० घनफूट वीटकामाला सुमारे १२३० विटा लागतात. सांधे धरलेच नाहीत तर उत्तर १६०० येते. यावरून तुमचा कॅल्क्युलेटर सांधे मोजतो की नाही ते लगेच समजेल. चार इंची भिंतीला १०० चौरस फुटांमागे ४५० विटा, हा अंदाज आमच्या कामात बरोबर निघाला.

फरशीच्या बाबतीत ‘दोन बाय दोन’ या नावाने फसगत होते. ती लादी ६०० × ६०० मिलिमीटरची असते, पूर्ण दोन फूट नव्हे. चार लाद्यांचे खोके १.४४ चौरस मीटर, म्हणजे १५.५ चौरस फूट भरते, पण दुकानात ते १६ धरून हिशेब सांगतात. १२ × १० फुटांच्या खोलीला १६ च्या हिशेबाने आठ खोकी पुरतात. १५.५ ने मोजून तोडीसाठी १० टक्के वाढवले तर नऊ लागतात. त्यातही स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावायची लादीची पट्टी, राहून जाते. खोलीचा परीघ ४४ फूट, दाराचे तीन फूट वजा जाता ४१ फूट. एका लादीतून साधारण चार इंची सहा पट्ट्या निघतात; २१ पट्ट्यांना चार लाद्या, म्हणजे आणखी एक खोके. एकूण दहा. क्षेत्रफळावर चालणारा कॅल्क्युलेटर स्कर्टिंगबद्दल विचारतच नाही. नंतर आणू म्हणावे तर त्याच छटेचा माल पुन्हा मिळेल याची शाश्वती नसते, म्हणून सर्व खोक्यांवरचा बॅच क्रमांक एकच आहे ना, हे घेतानाच पाहावे.

हिशेबनीस

पैशांच्या हिशेबाचे तीन मुद्दे मांडतो.

पहिला जीएसटीचा. सिमेंटवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. बांधकाम खर्चाचे जे कॅल्क्युलेटर त्यापूर्वी तयार झाले आणि अद्ययावत झाले नाहीत, ते अजून जुन्याच दराने किंमत दाखवतात. तसेच करासहित रकमेतून मूळ किंमत काढताना मोबाइलवरील टक्क्यांची कळ दाबून वजाबाकी करू नये. ११८० रुपयांतून १८ टक्के वजा केले तर ९६७.६० येतात, मूळ किंमत १००० आहे आणि ती ११८० ला १.१८ ने भागल्यावर मिळते.

दुसरा कर्जाचा. हप्त्याचे कॅल्क्युलेटर सर्वत्र सारखेच आहेत, कारण सूत्र एकच आहे. एक लाख रुपये, ८.५ टक्के आणि २० वर्षे भरून पाहावे. ८६८ रुपयांच्या आसपास हप्ता आला तर कॅल्क्युलेटर घटत्या शिलकीवर चालतो आहे. काही ठिकाणी मात्र सरळ व्याजाचा, म्हणजे अखेरपर्यंत मूळ रकमेवरच व्याज लावणारा, दर सांगितला जातो. एक लाख रुपये तीन वर्षांसाठी १० टक्के सरळ दराने घेतले तर हप्ता ३६११ रुपये येतो, आणि घटत्या शिलकीच्या भाषेत तो दर जवळपास १८ टक्के पडतो. शिवाय घरबांधणीचे कर्ज एकरकमी मिळत नाही. जोते, स्लॅब, गिलावा अशा टप्प्यांनी मिळते आणि तोवर उचललेल्या रकमेवरच व्याज लागते. पूर्ण रक्कम पहिल्याच दिवशी धरणारा कॅल्क्युलेटर सुरुवातीच्या महिन्यांचे चित्र चुकीचे दाखवतो.

तिसरा जमिनीचा. सातबारावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर यांत असते आणि व्यवहार गुंठ्यांत होतो. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, १०७६.४ चौरस फूट. एक गुंठा १०८९ चौरस फूट. सातबारावरचे ०.४०.०० क्षेत्र हे पूर्ण एकर नसून ३९.५४ गुंठे आहे. एकराच्या भावाने पैसे दिले तर ५०४ चौरस फुटांचे पैसे जादा जातात.

तळकोकण

ओट्यावरून सुरू झालेल्या धाग्यात टाकीची भर घालतो. पावसाचे पाणी साठवण्याचे कॅल्क्युलेटरही पुष्कळ आहेत. छताचे चौरस मीटरमधील क्षेत्रफळ गुणिले पावसाचे मिलिमीटर गुणिले ०.८ एवढे लिटर पाणी मिळते, यात शंका नाही. आमच्याकडे ३००० मिलिमीटर धरले तर १०० चौरस मीटर छतावरून २ लाख ४० हजार लिटर. पण परदेशी कॅल्क्युलेटर वर्षाचा पाऊस बारा महिन्यांत वाटून टाकीचा आकार सुचवतात. आपला पाऊस चार महिन्यांत संपतो, त्यामुळे टाकी उरलेल्या आठ महिन्यांच्या गरजेवर ठरवावी लागते. पाच माणसांना पिण्या-स्वयंपाकासाठी माणशी १० लिटर धरले तर २४० दिवसांना १२ हजार लिटर लागतात. माणशी १३५ लिटरचा सर्वसाधारण निकष लावला तर १ लाख ६२ हजार. पहिली टाकी परवडते; दुसरी बहुतेकांना परवडत नाही. माणदेशात पाऊस याच्या कितीतरी कमी, त्यामुळे तेथे टाकीआधी मिळणाऱ्या पाण्याचे गणित करावे.

माणदेशी (धागाकर्ता)

तळकोकण यांचे म्हणणे पटले. आमच्या तालुक्याच्या पावसाचे आकडे मिळवून छतावरच्या पाण्याचा हिशेब करतो. आतापर्यंतच्या चर्चेवरून मी संगणकावर एक साधी तक्ता-फाईल तयार केली आहे. १.५४, १.३३, ०.२० आणि २५ टक्के फूग हे आकडे सूत्रात न लपवता स्वतंत्र चौकटींत ठेवले आहेत, म्हणजे ठेकेदाराशी बोलताना ते बदलून पाहता येतील. स्लॅब आणि बीम मिळून १३२ पोती निघतात, त्यात तीन टक्के वाढ धरून १३६ मागवावीत असा विचार आहे. एवढी पोती एकदम आणून ठेवली तर चालतील का?

ओळंबा

चौकटी स्वतंत्र ठेवल्या हे फार चांगले केले. जिन्याचा हिशेबही त्याच फाईलमध्ये घ्यावा. मजल्याची उंची १२५ इंच असेल तर सव्वासहा इंचांचे २० टप्पे होतात, पण पाय ठेवायच्या पायऱ्या १९ च, आणि मधे चौथरा असेल तर १८. जिन्याला किती जागा लागेल ते या आकड्यावर ठरते. बहुतेक कॅल्क्युलेटर सरळ जिना गृहीत धरतात.

सिमेंटचे म्हणाल तर जोत्याचे आणि स्लॅबचे एकदम आणू नये. स्लॅबची तारीख ठरली की आधीच्या आठवड्यात मागवावे आणि पोत्यावर छापलेला उत्पादनाचा आठवडा पाहून घ्यावा. तीन महिन्यांहून जुने सिमेंट तपासल्याशिवाय स्लॅबला वापरू नये. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवावीत, भिंतीला टेकवू नयेत आणि दहापेक्षा अधिक थर रचू नयेत, कारण खालच्या पोत्यांत गोळे धरतात. ताडपत्री वरून आणि चारही बाजूंनी घ्यावी. १३६ पोत्यांना दहा थरांनी चौदा पोत्यांचा पाया लागेल, तेवढी कोरडी जागा आधी मोकळी करून ठेवा.